बीबीसी मायक्रोचा विस्तार : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात या सदरात बीबीसी मायक्रो या जुन्या घरगुती संगणकाविषयी एक लहानसे टिपण आले होते. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. हा संगणक इंग्लंडमधील ॲकॉर्न कंपनीने १९८१ च्या डिसेंबरात बाजारात आणला. १९८४-८५ मध्ये आपल्याकडे शाळांतील संगणक साक्षरतेसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्यासाठी हेच यंत्र निवडले गेले आणि पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने ते 'युनिकॉर्न' या नावाने काढले. एका कळफलकाभोवती चौघांनी बसून ज्यांनी पहिला प्रोग्राम लिहिला, त्या पिढीच्या मनात या यंत्राची जागा वेगळी आहे, आणि मी त्याच पिढीतला आहे.

बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : या यंत्राला आज काय काय जोडता येईल? यंत्र घडवणाऱ्यांनी जोडणीसाठी इतकी दारे मुळातच उघडी ठेवली आहेत की मूळ बोर्डाला धक्का न लावता जवळजवळ सर्व काही साधते. माझी सर्व उत्तरे हे धोरण धरूनच दिलेली आहेत.

प्रश्न (अमळनेर, निवृत्त गणित शिक्षक) : शाळेच्या जुन्या सामानाच्या लिलावात मी बीबीसी मायक्रोचे मॉडेल बी घेतले. यंत्र सुरू होते आणि त्यात डिस्कची रॉमही (डिस्क चालवणारा कायमचा प्रोग्राम असलेली चिप) बसवलेली दिसते. आलेख काढण्याचे माझे जुने प्रोग्राम पुन्हा लिहावेत अशी इच्छा आहे, परंतु बारीक ठिपक्यांच्या मोडमध्ये (पडद्यावर चित्र दाखवण्याच्या पद्धतीत) गेल्यावर थोड्याच ओळींत जागा संपल्याचा संदेश येतो. याची ३२ के (किलोबाइट) मेमरी १२८ के करून मिळेल काय? सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : सर, सुरुवात मेमरीपासून करू नये, वीजपुरवठ्यापासून करावी. यंत्र आपण चालू करत आहात असे पत्रावरून दिसते, म्हणून हे आग्रहाने लिहितो. मागील डाव्या कोपऱ्यातील धातूच्या पेटीत, थेट २३० व्होल्टच्या बाजूला, पिवळसर पारदर्शक आवरणाचे दोन कागदी कपॅसिटर असतात, एक ०.१ मायक्रोफॅरडचा आणि दुसरा ०.०१ मायक्रोफॅरडचा. चाळीस वर्षांत या आवरणाला बारीक तडे जातात, तड्यांतून दमट हवा आत शिरते, कागद ओल धरतो आणि एके दिवशी कपॅसिटर फुटून खोलीभर तिखट धूर होतो. माझ्या टेबलावर हे जुलै महिन्यात, पहिल्या चांगल्या पावसानंतर तिसऱ्या दिवशी घडले. बोर्ड वाचला, पण त्या वासाने घरच्यांना रात्रभर गच्चीवर झोपावे लागले. दोन्हींच्या जागी त्याच मूल्याचे, एक्स-टू वर्गाचे, २७५ व्होल्ट एसीचे नवे कपॅसिटर बसवावेत. त्यांची किंमत फार नाही. मात्र या पेटीतील मोठ्या कपॅसिटरवर तीनशेहून अधिक व्होल्टचा भार असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहतो, त्यामुळे हे काम टीव्हीचे किंवा यूपीएसचे पुरवठे दुरुस्त करणाऱ्या अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे. तोवर यंत्र चालू करू नये, ही विनंती.

आता मेमरीकडे वळू. आपली अडचण समजण्यासाठी पत्त्यांचा नकाशा डोळ्यांसमोर हवा. यातील ६५०२ प्रोसेसर एका वेळी ६४ केपेक्षा अधिक पत्ते ओळखत नाही. त्यांपैकी खालचे ३२ के म्हणजे आपली रॅम (प्रोग्राम लिहिण्याची मेमरी), त्यावरचे १६ के बेसिक या भाषेच्या किंवा अन्य रॉमसाठी आणि सर्वांत वरचे १६ के यंत्राच्या कार्यप्रणालीसाठी. म्हणजे घर आधीच भरलेले आहे. त्यातच पडद्यावरील चित्रही त्याच ३२ केमध्ये राहते : मोड शून्यमध्ये ६४० गुणिले २५६ ठिपक्यांसाठी २० के जातात, तर मोड सातमध्ये केवळ एक के. डिस्कची रॉम बसवलेली असेल तर ती आपल्या कामासाठी आणखी २,८१६ बाइट बाजूला ठेवते. मोड शून्यमध्ये आपल्या हाती उरतात ते फक्त ५,८८८ बाइट, आणि म्हणूनच थोड्या ओळींत जागा संपते.

पुरवठ्याचे काम झाल्यावर, मेमरीवर एक पैसाही न खर्चता करता येण्यासारख्या दोन गोष्टी आधी करून पाहाव्यात. सध्या आपण डिस्क वापरत नसाल तर 'स्टार टेप' (*TAPE) ही आज्ञा द्यावी, मग 'पेज'ची (प्रोग्राम जेथून सुरू होतो त्या पत्त्याची) किंमत ३५८४ करून 'न्यू' म्हणावे. त्याबरोबर मोड शून्यमधील मोकळी जागा ८,७०४ बाइट होते. दुसरे म्हणजे आलेखाला ६४० ठिपके खरोखर लागतात काय, हे तपासावे. मोड चारमध्ये ३२० ठिपके मिळतात आणि चित्राला दहा केच लागतात. वर्तुळ, परवलय आणि ज्या वक्रांच्या फांद्या एकमेकींना चिकटून जात नाहीत, त्यांच्यासाठी तो पुरेसा आहे, हे मी वापरून सांगतो.

खर्च करायचाच असेल तर तीन मार्ग आहेत, आणि त्यांची गल्लत फार होते. पहिला मार्ग 'साइडवेज रॅम'चा. मधल्या १६ केच्या पत्त्यांवर अनेक रॉम किंवा रॅम पाळीपाळीने आणता येतात. मूळ बोर्डावर यासाठी चार सॉकेट आहेत : आयसी (म्हणजे चिप) ५२, ८८, १०० आणि १०१. अधिकची पाटी (छोटा बोर्ड) बसवल्यास अशी सोळा पाने होतात. जाहिरातीत जे १२८ के म्हणतात ते बहुधा हेच असतात. त्यांत रॉमच्या प्रती ठेवता येतात, शब्दसंस्करणाचे किंवा असेंब्लरचे प्रोग्राम ठेवता येतात, पण आपल्या बेसिक प्रोग्रामची जागा त्याने एका बाइटनेही वाढत नाही. दुसरा मार्ग 'शॅडो रॅम'चा. प्रोसेसर काढून त्याच्या सॉकेटमध्ये एक लहान पाटी बसवतात आणि चित्राचे २० के त्या पाटीवर जातात. एरीज कंपनीची बी-२० ही त्या काळातील अशीच पाटी. पुढे ॲकॉर्नने १९८५ च्या बी-प्लस यंत्रात ही सोय मूळ बोर्डावरच दिली. तिसरा मार्ग म्हणजे ट्यूब या जोडणीवर दुसरा प्रोसेसर लावणे. त्यात बेसिक प्रोग्राम पूर्णपणे दुसऱ्या प्रोसेसरच्या मेमरीत राहतो आणि कोणत्याही मोडमध्ये ३०,७२० बाइट मोकळे मिळतात. आपल्या कामाला हाच मार्ग सर्वांत योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा तपशील खाली शहाद्याच्या पत्राच्या उत्तरात आहे.

प्रश्न (भुसावळ, रेल्वे कर्मचारी) : माझ्याकडे शाळेच्या काळातील अकरा कॅसेट आहेत, त्यांवर आम्ही मित्रांनी लिहिलेले प्रोग्राम आहेत. टेपरेकॉर्डर आता नीट चालत नाही. साठवणुकीसाठी जुना फ्लॉपी ड्राइव्ह शोधावा, पेन ड्राइव्ह लागणारा नवा ड्राइव्ह घ्यावा, की मेमरी कार्डाची जोडणी करावी?

उत्तर : आधी त्या अकरा कॅसेटचे पाहू, कारण ड्राइव्ह पुढच्या वर्षीही मिळेल, फितीवरचा चुंबकीय थर मात्र वाट पाहत नाही. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा बदलून घ्यावा, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि प्रत्येक कॅसेट संगणकात ध्वनी म्हणून उतरवावी. नोंद न दाबलेल्या (अनकॉम्प्रेस्ड) 'वेव्ह' स्वरूपात ठेवावी. एमपीथ्री करू नये, कारण या यंत्राची माहिती १२०० आणि २४०० हर्ट्झच्या सुरांत लिहिलेली असते आणि दाबताना त्या सुरांच्या कडा बोथट होतात. उतरवलेली ध्वनिफीत मोबाइलच्या इअरफोनच्या जागेतून यंत्राच्या सात पिनांच्या कॅसेट सॉकेटला दिली की यंत्र ती टेपसारखीच वाचते. आवाजाची पातळी कमीजास्त करून पाहावी लागेल. भुसावळच्या मे महिन्यात या कॅसेट पत्र्याच्या कपाटात किंवा माळ्यावर ठेवू नयेत, हे तर आपल्याला सांगायलाच नको.

आता साठवणुकीचे पाहू. मॉडेल बीमध्ये फ्लॉपीचा नियंत्रक प्रत्येक यंत्रात असतोच असे नाही, कारण तो त्या काळी वेगळे पैसे देऊन बसवावा लागे. 'स्टार हेल्प' ही आज्ञा द्यावी. उत्तरात डीएफएसचा (डिस्कवरील फाइली सांभाळणाऱ्या प्रणालीचा) उल्लेख आला तर रॉम आहे. मग झाकण उघडून ८२७१ असे लिहिलेली चाळीस पायांची आयसी शोधावी. 'स्टार एफएक्स शून्य' या आज्ञेवर कार्यप्रणालीची आवृत्ती १.२० दिसायला हवी. ०.१ असेल तर डिस्कचे नाव काढू नये, आधी ती रॉम बदलावी. ८२७१ ही इंटेलची आयसी त्या काळीही महाग होती आणि नंतर दुर्मीळ झाली, म्हणून अनेकांनी तिच्याच सॉकेटमध्ये बसणारी १७७० नियंत्रकाची पाटी वापरली. आपल्याला दोन्हींपैकी काही नव्याने घ्यायचे असेल तर १७७० घ्यावा. ८२७१ केवळ एकेरी घनतेने लिहितो, म्हणजे ऐंशी ट्रॅकच्या तबकडीच्या एका बाजूवर २०० के. १७७० दुहेरी घनताही जाणतो आणि एडीएफएस ही डिस्कसाठीची दुसरी रॉम सोबत असल्यास दोन्ही बाजू मिळून ६४० के देतो.

खऱ्या फ्लॉपीचा आवाज, तिची ती घरघर मलाही प्रिय आहे, पण नव्या तबकड्या आता बनत नाहीत आणि जुन्या तबकड्यांवर आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात बुरशी चढते. बुरशी चढलेली एकच तबकडी ड्राइव्हचे हेड खराब करते आणि मग ते हेड पुढच्या तबकड्या ओरबाडते. ज्यांच्याकडे वाचून घ्यायच्या जुन्या फ्लॉपी नाहीत, त्यांनी खरा ड्राइव्ह शोधत हिंडू नये.

नियंत्रक असेल तर गोटेक नावाचा पेन ड्राइव्ह लागणारा ड्राइव्ह सोयीचा पडतो. बाजारात तो पीसीच्या किंवा भरतकामाच्या यंत्रांच्या हिशेबाने येतो, म्हणून त्यात फ्लॅशफ्लॉपी हे मुक्त फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतला प्रोग्राम) भरावे लागते आणि जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) एस-शून्य या जागी ठेवावा लागतो, कारण बीबीसी मायक्रो पहिल्या ड्राइव्हला शून्य क्रमांकाने हाक मारतो. चौतीस तारांची केबल सरळ हवी. पीसीच्या केबलमध्ये मधल्या काही तारांना पीळ दिलेला असतो, ती येथे चालत नाही. पीसीतून काढलेला साडेतीन इंची ड्राइव्ह लावणाऱ्यांचीही नेमकी येथेच फसगत होते.

नियंत्रक नसेल तर मेमरी कार्डाचाच मार्ग धरावा. यंत्राच्या पुढच्या कडेखाली वीस पिनांचा यूजर पोर्ट आहे, त्यावर कार्डाची छोटी पाटी लागते आणि एका मोकळ्या रॉम सॉकेटमध्ये, कार्ड डिस्कसारखे वाचणारी एमएमएफएस ही रॉम बसवावी लागते. कार्डावरील एकाच फाइलमध्ये ५११ तबकड्यांच्या प्रतिमा मावतात. आपल्या अकरा कॅसेटच काय, त्या शाळेतील सगळ्या मुलांचे प्रोग्राम त्यात राहतील. कार्ड ३.३ व्होल्टवर चालते आणि पोर्ट ५ व्होल्टचा आहे, म्हणून मधे पातळी बदलणारी आयसी असलेलीच पाटी घ्यावी. थेट तारा जोडून दाखवणारे काही चित्रफितींत दिसतात, त्यांचे अनुकरण करू नये. रॉम लिहिताना २७१२८ आणि २७१२८ ए यांतील फरक पाहावा. पहिलीला लिहिण्यासाठी २१ व्होल्ट लागतात, दुसरीला साडेबारा. हल्लीचे स्वस्त यूएसबी प्रोग्रामर २१ व्होल्ट देत नाहीत आणि मग आयसीच खराब आहे असा समज होतो. साइडवेज रॅम असल्यास त्यात चालणारी एमएमएफएसची आवृत्ती घ्यावी. ती वर सांगितलेले २,८१६ बाइट अडवत नाही.

प्रश्न (रावेर तालुका, केळी उत्पादक आणि हौशी शिक्षक) : गावातील मुलांना सुट्टीत काही शिकवतो. बीबीसी मायक्रोला तापमान मोजता येते असे वाचले. उन्हाळ्यातील आणि हिवाळ्यातील तापमानाची नोंद मुलांकडून करून घ्यायची आहे. कोणती जोडणी लागेल, आणि तिच्यावर विश्वास ठेवावा काय?

उत्तर : या पत्राने फार आनंद झाला. केळीचा बाग तापमानाला किती हळवा असतो हे रावेर-यावलच्या पोरांना सांगावे लागत नाही; पारा दहा अंशांच्या आसपास उतरला की वाढ खुंटते आणि उन्हाळी लूने पाने फाटतात. तोच पारा मुलांनी स्वतःच्या प्रोग्रामने मोजणे यासारखा धडा नाही.

यंत्राच्या मागे पंधरा पिनांचे ॲनालॉग सॉकेट आहे आणि त्यामागे विद्युतदाब आकड्यात बदलणारा चार वाहिन्यांचा, बारा बिटांचा रूपांतरक आहे. जास्तीचे काहीही विकत न घेता इतकी सोय देणारे त्या काळातील घरगुती यंत्र दुसरे मला ठाऊक नाही. एलएम ३५ हा तीन पायांचा संवेदक (सेन्सर) घ्यावा. तो प्रत्येक अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ४५ अंशांना ४५० मिलिव्होल्ट. पहिल्या पिनेवरून ५ व्होल्ट, आठव्या पिनेवर जमीन (ग्राउंड) आणि संवेदकाचा निकाल पंधराव्या पिनेवर, म्हणजे पहिल्या वाहिनीवर. बेसिकमधील 'ॲडव्हॅल' हे फंक्शन ० ते ६५,५२० या दरम्यानची संख्या देते आणि वरची मर्यादा सुमारे १.८ व्होल्टची असते.

आपण विश्वासाविषयी विचारले आहे, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. तो १.८ व्होल्टचा संदर्भ यंत्रात ओळीने जोडलेल्या तीन साध्या डायोडवरून घेतलेला आहे. डायोड तापला की त्यावरचा विद्युतदाब अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो, म्हणजे तिघांचा मिळून ६ मिलिव्होल्टने. इंग्लंडच्या वर्गखोलीत यामुळे फारसे काही बिघडले नसेल. आपल्याकडे सकाळी सहाला पेटीचा आतला भाग तीस अंशांवर असेल आणि दुपारी तीनला पन्नासवर. या वीस अंशांत संदर्भ १२० मिलिव्होल्टने, म्हणजे जवळपास सात टक्क्यांनी खाली येतो, आणि खरे तापमान ४५ असताना पडद्यावर ४८ दिसते. मुले म्हणतील की आज विक्रम झाला, आणि चूक यंत्राची असेल.

यावर उपाय सोपा आहे आणि तोच या धड्याचा गाभा ठरावा. दुसऱ्या वाहिनीवर, म्हणजे सातव्या पिनेवर, तापमानाने न हलणारा ज्ञात दाब द्यावा. एलएम ३८५ या आयसीची १.२३५ व्होल्टची आवृत्ती १० किलोओहमच्या रोधातून (रेझिस्टरमधून) ५ व्होल्टला जोडली की तो मिळतो. आता पहिल्या वाहिनीच्या आकड्याला दुसऱ्या वाहिनीच्या आकड्याने भागून १२३.५ ने गुणावे. उत्तर थेट अंशांत येते आणि डायोडांचा संदर्भ गुणोत्तरातून गळून पडतो. शेवटचे काही बिट थरथरतात, म्हणून सोळा वाचनांची सरासरी घ्यावी. गुणोत्तराने चूक कशी कटते, हे सातवीच्या मुलालाही येथे डोळ्यांनी दिसते.

तार दोन-तीन मीटरपेक्षा लांब नेऊ नये आणि ती जाळीच्या आवरणाची असावी. संवेदक सावलीत, हवा खेळेल अशा ठिकाणी टांगावा. यंत्र बागेत नेण्याचा विचार असेल तर तो कृपया सोडून द्यावा, कारण धूळ आणि ठिबकचा ओलावा दोन्ही त्याला सोसणार नाहीत.

प्रश्न (शहादा, इयत्ता अकरावीतील विद्यार्थी) : काकांकडे जुना युनिकॉर्न आहे. रास्पबेरी पाय झिरो (एका छोट्या पाटीवरचा संगणक) लावून तो शेकडो मेगाहर्ट्झवर चालवता येतो हे खरे आहे का? मग तो जुना संगणक राहतो का?

उत्तर : खरे आहे, आणि तू विचारलेला दुसरा प्रश्न पहिल्याहून चांगला आहे.

यंत्राच्या खालच्या बाजूला चाळीस पिनांची 'ट्यूब' नावाची जोडणी आहे. तिच्यावर दुसरा प्रोसेसर लावायचा, प्रोग्राम त्याने चालवायचा आणि मूळ २ मेगाहर्ट्झच्या ६५०२ ने कळफलक, पडदा आणि साठवण सांभाळायची, अशी ही श्रमविभागणी आहे. ॲकॉर्नने स्वतःच ३ मेगाहर्ट्झचा ६५०२ आणि सीपीएम ही कार्यप्रणाली चालवणारा ६ मेगाहर्ट्झचा झेड-८० असे जोड प्रोसेसर विकले. एआरएम या ॲकॉर्नच्याच प्रोसेसरची पहिली चिप १९८५ च्या एप्रिलमध्ये हाती आली, तेव्हा तीही बीबीसी मायक्रोला याच मार्गाने जोडून चालवली गेली. तुझ्या रास्पबेरी पायमधील प्रोसेसर त्याच कुळातील आहे. म्हणजे तू परका पाहुणा आणत नाहीस, वंशजाला त्याच्या मूळ गावी आणतो आहेस. यंत्र जुने राहते काय, याचे माझे उत्तर असे : कळ दाबल्यावर ती वाचणारा आणि पडद्यावर ठिपका ठेवणारा तोच मूळ संच असतो, आणि केबल काढली की यंत्र पूर्वीसारखे होते, म्हणून राहते.

पायट्यूबडायरेक्ट हा मुक्त प्रकल्प यासाठी आहे. पाय झिरो ३.३ व्होल्टचा असल्याने मधे पातळी बदलणारी पाटी हवीच, आणि केबल वीतभरापेक्षा लांब नको, नाहीतर यंत्र मधूनच अडकते. मूळ यंत्रात ट्यूबचा यजमान प्रोग्राम असलेली रॉम, उदाहरणार्थ ॲकॉर्नची डीएनएफएस, असावी लागते; ती नसेल तर पाय जोडूनही काहीच घडत नाही आणि दोष नसलेल्या पाटीवर संशय जातो. जुने खेळ मात्र यावर बहुधा चालणार नाहीत, कारण ते पडद्याच्या मेमरीत थेट लिहितात आणि ती मेमरी आता दुसऱ्या बाजूला असते. खेळायचे असेल तेव्हा यंत्र बंद करून केबल काढ. चालू असताना कोणतीही केबल काढायची वा लावायची नाही, हे काकांनाही सांग.

प्रश्न (धुळे) : नव्या टीव्हीवर चित्र आणण्यासाठी दुरुस्ती करणारे गृहस्थ पेटीला मागे भोक पाडून एचडीएमआयचे सॉकेट बसवू म्हणतात. होकार द्यावा काय?

उत्तर : देऊ नये. मागे सहा पिनांचे आरजीबी (लाल, हिरवा, निळा) सॉकेट आहे, त्यातून शुद्ध डिजिटल रंग बाहेर येतात आणि आरजीबी-टू-एचडीएमआय हा पाय झिरोवर चालणारा मुक्त प्रकल्प बाहेरच्या डबीतूनच प्रत्येक ठिपका स्वच्छ दाखवतो. जवळ फक्त व्हिडिओ इनपुटचा टीव्ही असेल तर मागच्या बीएनसी या गोल सॉकेटमधून कृष्णधवल चित्र आजच मिळेल. बोर्डावरील एस ३९ ही जोडणी बंद केल्यास त्यातच रंगही येतात, मात्र अक्षरांच्या कडा थोड्या फुटतात. भोक पाडलेली पेटी पुन्हा पूर्वीसारखी होत नाही.

प्रश्न (चाळीसगाव, शाळेचे ग्रंथपाल) : शाळेत तीन यंत्रे आहेत, ती एकमेकांना जोडता येतील काय?

उत्तर : इकोनेट हे ॲकॉर्नचे जाळे (नेटवर्क) त्यासाठीच होते. परंतु प्रत्येक यंत्रात ६८बी५४ ही आयसी आणि तिच्याभोवतीचे भाग हवेत, शिवाय घड्याळाचा संकेत देणारी एक पेटीही हवी. मागच्या पाच पिनांच्या सॉकेटवर इकोनेट लिहिलेले असले तरी आतला भाग रिकामा असू शकतो. भाग बसवलेले असतील तर जरूर करावे. नसतील तर तिन्ही यंत्रांना मेमरी कार्डाची जोडणी देणे कमी खर्चाचे आणि कमी कटकटीचे ठरेल.

प्रश्न (चोपडा) : मेमरी कार्ड, दुसरा प्रोसेसर आणि जुना सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह हे तिन्ही एकाच वेळी लावायचे आहे. यंत्राच्या पुरवठ्यावर ताण येईल काय?

उत्तर : यंत्राच्या खाली असलेल्या पूरक वीज सॉकेटमधून ५ व्होल्टवर १.२५ अँपिअर, १२ व्होल्टवर १.२५ अँपिअर आणि उणे ५ व्होल्टवर ७५ मिलिअँपिअर घेता येतात. कार्ड आणि पाय झिरो यांची भूक थोडी आहे, ती भागते. सव्वापाच इंची ड्राइव्हची मोटार सुरू होताना १२ व्होल्टवर एकदम मोठा प्रवाह ओढते, आणि दोन ड्राइव्ह असतील तर मर्यादा निश्चितच ओलांडली जाईल. ड्राइव्हला स्वतंत्र पुरवठा द्यावा आणि दोन्ही पुरवठ्यांची जमीन एकत्र जोडावी. साडेतीन इंची ड्राइव्ह बहुधा फक्त ५ व्होल्टवर चालतो, तसा तो एकटा असेल तर यंत्रावरच ठेवायला हरकत नाही.

सर्व काही जोडून झाल्यावर मल्टीमीटरने बोर्डावरील एखाद्या आयसीच्या पायांवर ५ व्होल्ट मोजावेत. आकडा ४.७५ च्या खाली असेल तर पुरवठ्याला दोष देण्याआधी बोर्डावर येणाऱ्या सात तारा पाहाव्यात : तीन लाल, तीन काळ्या आणि एक जांभळी. त्यांची चपटी टोके ढिली झालेली किंवा काळवंडलेली असतात, तेथेच दाब गळतो आणि तेथेच उष्णता वाढते. यंत्र बंद करून, प्लग काढून, ती एकेक ओढून घासावीत आणि पकडीने हलकेच आवळून पुन्हा बसवावीत. एप्रिल ते जून या महिन्यांत यंत्रावर टीव्ही ठेवू नये, कारण झाकणाच्या फटींतूनच आतली गरम हवा बाहेर पडते. जुन्या बोर्डांवरील व्हिडिओच्या आयसीवर उष्णता पसरवणारी धातूची पट्टी चिकटवलेली असते, ती निखळली नाही ना, हेही झाकण उघडलेले असतानाच पाहून घ्यावे.